न चाखलेली ग्रेव्ही

॥ श्री ॥

ब्लू रिजचा पायथा, व्हर्जिनिया
सोमवार, १२ जानेवारी २०२६

ती. शोभनाताईस,
प्रतापचा सा. न. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं, आणि या दरीत रेंजही नाही, म्हणून कागद घेतला. सोमवारी इन बंद असते. पाय गरम पाण्यात बुडवून लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तू सनीव्हेलमध्ये अजून सांगत फिरतेस की धाकटा भाऊ हॉटेलात आहे. दुरुस्ती करतो. ही इंग्लिश कंट्री इन आहे. खाली पब, वर मालकीण मिसेस विल्मट, मागे मेंढ्यांचं कुरण. आणि बटाट्याच्या थराखाली मेंढीचा खिमा असेल तरच तो शेफर्ड्स पाय, गायीचा असला की कॉटेज पाय. हर्नडनहून तासभर ड्राइव्ह करून येणाऱ्या आपल्या मंडळींना यातलं काही पटत नाही. काल आश्लेषा नावाच्या मुलीने पर्समधून मिरचीच्या सॉसची बाटली काढली आणि काका, रागावू नका हं, म्हणाली. मी रागावलो नाही. यावरून ओळख माझी काय अवस्था आहे ती.

डिसेंबरात ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कांदा करपला तरी कळत नाही. तुला ठाऊक आहे, एकोणीस वर्षं मी इथलं मांसाचं काहीही चाखलेलं नाही. आईला विमानतळावर दिलेला शब्द. आई नैवेद्य न चाखता करायची, वासावर आणि मापावर, तसाच मी रोस्ट करतो. लायब्ररीतल्या पुस्तकांवरून शिकलो, पण 'मीठ चवीनुसार' लिहिणाऱ्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. माझ्या वहीत रोस्टच्या रसाच्या ग्रेव्हीला लिटरमागे सहा ग्रॅम मीठ आहे, आणि सहाच पडतं. तरी प्लेटा न संपता परत येताहेत.

सांगायचं कोणाला? बाईंच्या गुडघ्याचं थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ऑपरेशन झालं, त्या जिना उतरत नाहीत. एरवी दर रविवारी अकराला कार्डिगन घ्यायला किचनमध्ये यायच्या. कार्डिगन तिथल्याच खुंटीवर असतं. काही बोलायच्या नाहीत, पण बरं वाटायचं. आता त्यांचा मुलगा म्हणतो, जागा विकू, लग्नाचा हॉल होईल. बाईंच्या मनात आहे की इन माझ्याकडे चालवायला द्यावी, पाटीवर माझं नाव घालून. पंधरा मार्चला मदरिंग संडे (इंग्लिश मातृदिन, इथला मे महिन्यातला नव्हे). त्या दिवशी त्या खाली येऊन चार जुन्या मैत्रिणींबरोबर जेवणार आणि मग ठरवणार.

हे प्रल्हादरावांना सांगू नकोस, ते सल्ला देतील.

लोभ रागातसुद्धा असू द्यावा.
तुझा,
प्रताप

सनीव्हेल
२० जानेवारी २०२६

चि. प्रतापास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर शाळेत होतं तसंच आहे, म्हणजे वाईट. ह्यांना सांगितलं नाही, पण पत्र टेबलावर राहिलं. वाफ घे म्हणताहेत.

माझं सोपं म्हणणं आहे. बाईंना नाकाचं सांगून टाक. ते जमत नसेल तर जिभेला लाव. पातेलंभर नाही, चमचाभर. आईने शब्द घेतला तेव्हा तू तिकडे जाऊन रोस्ट करशील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तुला मोटेलच्या काउंटरवर उभं राहायचं होतं. मी मोठी बहीण म्हणून तुला मोकळं करते, जा.

चपला वापर, फरशी गार असते. आणि आश्लेषाशी नीट वाग. मिरचीची बाटली माझ्याही पर्समध्ये असते.

जिवाला जप. चिडलास तरी पत्र टाक.
तुझी,
शोभनाताई

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस, सा. न.

तू मोकळं करणारी कोण? आईने शब्द तुझ्याकडून घेतला नव्हता, माझ्याकडून घेतला होता. केमिस्ट्रीत दोनदा नापास झालेल्या मुलाकडे तिला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तू एम.एस. केलंस, घर घेतलंस, मला स्पॉन्सर केलंस. माझ्याजवळ एवढंच आहे: न चाखता करतो, आणि बरोबर होतं. होत होतं.

काल रोस्टबरोबरची वीस यॉर्कशायर पुडिंगं फुगली, एकही बसलं नाही. अंडी, दूध, मैदा सारख्या मापाने, चरबी धुरावलेली. ते डोळ्यांना दिसतं, त्याला नाक लागत नाही. ग्रेव्ही मात्र पुन्हा प्लेटांतच परत आली. एका म्हाताऱ्याने खुणेने मीठदाणी मागितली. तो इथे मी यायच्या आधीपासून येतो. ताई, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाईंना सांगणार नाही. नाक नसलेल्या माणसाला किचन कोण देईल? आणि चाखायचं म्हणशील तर तू स्वतः अंड्याचा केक ओळखून बाजूला सारतेस, तू मला हे सांगावंस याचं नवल वाटलं.

वाफ घेतो आहे. प्रल्हादरावांना सांग. माया असू दे.
प्रताप

१२ फेब्रुवारी २०२६

चि. प्रताप, आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून पत्रच बरं. मी २००३ पासून सगळं खाते. आधी ऑफिसच्या कॅफेटेरियात चिकन, मग मुलांबरोबर लॅम्ब. तू ख्रिसमसला यायचास तेव्हा आदल्या दिवशी फ्रीज सोडा घालून पुसायचे आणि केक बाजूला सारायचे. स्वानंदी म्हणायची, मॉम, हाऊ लाँग? तुझ्यासमोर आईसारखं दिसायचं होतं मला. दुसरं काही नाही.

तुझं जे एकच आहे म्हणतोस, त्यात इतकी वर्षं माझा खोटेपणा मिसळला. राग धर, पण नंतर. बारा मार्चला डलेस विमानतळावर उतरते. न्यायला ये. मी चाखते. शब्द तुझा, जीभ माझी.

तोवर नीट झोप घे.
ताई

सोमवार, २३ मार्च २०२६

ती. शोभनाताईस,
प्रतापचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस, कळलं. मदरिंग संडेला तू स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी 'मीठ कमी' म्हणत होतीस आणि मी वही दाखवून भांडत होतो, ते आता आठवून कान गरम होतात. शेवटी माझ्या पाठीमागे तू मूठ टाकलीस, तेही मला दिसलं होतं. प्लेटा पुसून परत आल्या, हे तू पाहिलंसच. पुढचं तुला ठाऊक नाही.

मंगळवारी तुला सोडून आलो तर बाईंनी वर बोलावलं. पहिलाच प्रश्न, रविवारी मीठ कोणी घातलं. मी नाकाचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं आणि मला खुंटीवरचं कार्डिगन आणायला पाठवलं. खिशात हात घाल म्हणाल्या. आत एक चमचा आणि मिठाची चपटी डबी.

दर रविवारी अकराला. एकोणीस वर्षं. मी पुडिंगसाठी ओव्हनकडे वाकायचो तेव्हा.

मी डबी उघडून पाहिली. त्याच म्हणाल्या, "पदार्थ तुझेच होते, प्रताप. मीठ तेवढं माझं होतं."

खाली येऊन वही उघडली. मी तारखा लिहून ठेवतो, तुला माहीत आहे. पहिली प्लेट परत आली सात डिसेंबरला. ताप आला चौदाला. म्हणजे नाकाचा दोष नव्हताच. दोष सहा ग्रॅमचा होता, पहिल्या दिवसापासूनचा. त्या रात्री जेवलो नाही. तुझ्यावरचा रागही हुडकून पाहिला, शिल्लक सापडला नाही.

बाईंनी मुलाला नकार कळवला. इन माझ्याकडे आली, पाटी रंगवायला दिली आहे. अट एकच, कार्डिगन खुंटीवर राहील.

काल रविवार. अकरा वाजता मी कार्डिगनच्या खिशातला चमचा घेतला, आईची मनात माफी मागितली आणि ग्रेव्ही जिभेला लावली. वास नाहीच. पण मीठ कळायला नाक लागत नाही, हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं. कमी होतं, ताई. चांगलंच कमी होतं.

वहीतला सहाचा आकडा खोडला. मग लिहिलं, चवीनुसार.

ख्रिसमसला येतो. फ्रीज पुसू नकोस.

तुझा,
प्रताप