कार्डावरचे बासष्ट किलो

मंगळवार, ४ मार्च

जिवंत आहे! डावा हात फळीला बांधलाय, उजवा मोकळा, म्हणून लिहितोय.

काल गोदामात पेटी सटकली. मुकादम ओरडला, "पहिलवान, हात काढ!" काढला, पण दोन बोटं गेलीच खाली. दवाखान्यात म्हणाले, तारा घालून हाडं बसवू. झोपवायचं नाही, नुसता हात बधिर करायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. काखेत सुई घातली आणि म्हणाल्या, "बोलत राहा. काहीही बोल, थांबू नकोस."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला हे सांगितलं! ताई तर म्हणते, तुझ्या तोंडाला कुलूप हवं. मग काय, सुटलो. चौथीत शाळा का सोडली, तीन वर्षांत पाच नोकऱ्या कशा झाल्या — सगळं. मधेच तोंडात लोखंडाची चव आली. ओठांना मुंग्या. कानात शिट्टी. म्हटलं, कशाला उगाच कुरकुर. बोलत राहिलो.

बाईंनीच हात थांबवला. "काय म्हणालास? पुन्हा बोल." मी म्हणे नुसतं "पेटी, पेटी, पेटी" करत होतो. पुढचं आठवत नाही.

बुधवार, ५

पुढचं सिस्टरने सांगितलं. फिट आली. नाडी वेडीवाकडी. बाईंनी ओरडून एक पांढरी पिशवी मागवली आणि शिरेतून सोडली.

मी म्हटलं, "दूध पाजलंत होय?"

"दूध नाही रे, तेल. शिरेतून द्यायलाच बनवलेलं. बधिर करायचं औषध रक्तात जास्त झालं की मेंदूला, हृदयाला धरतं. हे तेल त्याला ओढून घेतं."

ताईला फोनवर सांगितलं, माझ्या रक्ताला फोडणी दिलीय! ती हसली, मग रडली, मग शिव्या दिल्या. म्हणजे ठीक आहे.

बोटांचं राहिलंच. शुक्रवारी करणार.

गुरुवार, ६

बाई सारख्या येतात. जीभ दाखव, माझा हात दाब. आज हसल्या नाहीत. सिस्टर म्हणाली, मोठ्या डॉक्टरांनी लेखी उत्तर मागितलंय — डोस जास्त झालाच कसा? बाई म्हणतात, बासष्ट किलोच्या माणसाला बरोबर होता.

बासष्ट!

हे मी वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. गोदामात साठ किलोच्या खालच्या माणसाला माल उचलायला घेत नाहीत. भरतीच्या दिवशी मी पोटाला आणि मांड्यांना लोखंडी पट्ट्या बांधून काट्यावर चढलो. चौदा किलो! खणखणलो नाही हे नशीब. कंपनीच्या कार्डावर तेच वजन पडलं, आणि दवाखान्याने कार्डावरूनच उतरवून घेतलं.

सांगितलं तर माझी नोकरी जाते. नाही सांगितलं तर बाईंची. दिवसभर पलंगावर तळमळतोय. तोंड उघडत नाही, असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवार, ७

सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "गाढवा!" मग खुर्चीवर बसल्या. "तुझ्याकडे बघून मला कळायला हवं होतं. मी नुसता कागद वाचला. तेही लिहिणार आहे मी."

मला काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस! एक किलो दवाखान्याने खाल्लं.

दुपारी तारा घातल्या. त्याच बाई, तीच काख, औषध यावेळी सत्तेचाळिसाचं. पुन्हा बोललो, मध्ये मध्ये त्याच थांबवायच्या.

"ओठ कसे?"

"चहा मागतायत."

हसल्या!

शनिवार, ८

मुकादम आला, गँगमधल्या पाच-सहा जणांना घेऊन. दवाखान्याचं पत्र कंपनीत पोचलंय. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साठच्या खाली लोडर नाही. मी तरी काय करू? सोमवारी कार्ड जमा कर."

म्हटलं, बरं. आणि आलेच आहेत तर सगळं रंगवून सांगितलं — मुंग्या, शिट्टी, फिट. कार्डावरचा एक आकडा, आणि माणूस वर! एरवी माझ्या गप्पांना टाळ्या पडतात. आज एकही हसला नाही.

ताईला नोकरीचं अजून बोललो नाही.

सोमवार, १०

कार्ड द्यायला निघालो, तर दवाखान्याच्या दारापर्यंत रांग. आमचे गोदामवाले! सिस्टरला म्हणतायत, खरं वजन लिहून घ्या. अठरा जण काट्यावर चढून झाले, साठच्या वर चारच. सगळ्यांत मागे मुकादम उभा — बूट काढून हातात धरलेले.