येळवशीचं आमंत्रण, कुलसचिवांच्या आदेशावरून

हुमनाबाद,
मंगळवार

तीर्थरूप अंबाजीमामांना, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवणाऱ्या चंद्रभागामामींना, मंजुश्रीचा दोघांच्याही पाया पडून नमस्कार.

(मामांचा चष्मा अजून सापडला नसणार असं धरूनच लिहिते आहे. मामी, कंसातलं शक्यतो मनात वाचा.)

मामा, गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल गुडघ्यालाच लावताय ना, की बैलाच्या खांद्याला? मामींची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे का? तांबड्या गायीला कालवड झाल्याचं मन्नाएखेळ्ळीच्या बसमध्ये कळलं, आनंद झाला. माउलीशी बोलणं सुरू झालं का? हे आपलं रीत म्हणून विचारलं, उत्तर मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी वेळ अमावस्येच्या आधी तुम्ही बसस्टँडवर उभं राहून साऱ्या गावाला सांगितलं होतं, "येळवशीला आमच्या शेतात या, जो येणार न्हाई त्याच्याशी वरीसभर बोलणार न्हाई." निम्मे लोक आले नाहीत. त्या सगळ्यांबरोबर तुम्ही दुसऱ्या दिवशी चहा प्यालात, आणि शिक्षा तेवढी पोटच्या पोराला, माउलीला, झाली, कारण त्याला हैदराबादहून रजा मिळाली नाही. तेव्हापासून त्याचा फोन आला की तुम्ही मामींना म्हणता, "त्याला सांग, ट्रॅक्टर दुरुस्त झाला." फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे तोही तिकडून "बाबांना सांग, बरं झालं" असं म्हणतो. मधल्या मध्ये मामींचं कुठलंच बोलणं होत नाही.

तुमचा फोन रविवारपासून बंद लागतो आहे. तो तुम्ही का बंद केलात हे मला माहीत आहे, पण तो इतका का वाजत होता हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून पत्र. (मामींचा फोन नेहमीप्रमाणे ज्वारीच्या कणगीवर चार्जिंगविना पडलेला असणार.) हे पत्र ड्रायव्हर गुरप्पाअण्णांच्या हाती देते आहे. त्यांना चहा द्या, पण पत्र वाचून होईपर्यंत बसवून ठेवू नका, बस खोळंबते.

आधी माझ्या नोकरीबद्दल. मामी सगळीकडे सांगतात की आमची मंजू दिवसभर मोबाइल बघायचा पगार घेते. खरं आहे, पण अर्धंच. आमच्या विद्यापीठाची फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि अजून कुठे कुठे खाती आहेत, आणि त्या सगळ्या ठिकाणी विद्यापीठ म्हणून बोलायचं काम माझं. विद्यापीठाला स्वतःला काही बोलायचं नसतं, हीच अडचण आहे. सकाळी कोणाची तरी जयंती असते, दुपारी कोणीतरी समई लावतं, संध्याकाळी झाड लावतात. झाडाचा खड्डा तीन वर्षांपासून तोच आहे, झाडं आणि पाहुणे बदलतात. मी फोटो टाकते, नावं हुद्द्याप्रमाणे लावते (एकदा ग्रंथपालांचं नाव क्रीडा संचालकांच्या आधी पडलं, तर दोघंही आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हते, एक रागाने आणि एक संकोचाने), आणि मग वाट बघते. पोस्ट काहीही असो, खाली पोरं एकच प्रश्न विचारतात, निकाल कधी लागणार? दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या तरी निकाल कधी. एका माजी प्राध्यापकांच्या श्रद्धांजलीखालीही "भावपूर्ण श्रद्धांजली, निकाल कधी?" असं एकाने घातलं होतं. त्यातल्या त्यात त्याने रीत पाळली म्हणून मला तो आवडला.

आमचे कुलसचिव पंचाक्षरी सर कलबुर्गीकडचे, माणूस शिस्तीचा. माझा करार या वर्षाअखेर संपतो, आणि तो वाढवायचा की नाही हे त्यांच्या हातात आहे. महिन्यापूर्वी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघम्मा, आपल्या खात्यावर माणसंच येईना झालीत. माणसं आणली तर तुझी फाइल पुढं जाईल, न्हाईतर अवघड हाय." मी सगळं करून बघितलं. ग्रंथालयावर प्रश्नमंजूषा घेतली, तिला दोन उत्तरं आली, त्यातलं एक माझंच.

अशात तुम्ही मला फोनवर म्हणालात, "यंदा येळवशीला रानात कोपी बांधायची न्हाई. दोन भाकरी घेऊन जातो, पांडवांना निवद दाखवतो, येतो. कुनासाठी करायचं?" मामा, मला ते अजिबात आवडलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही पंगत वाढून बांधावर जाऊन उभे राहिलात आणि रस्त्याकडे बघत बसलात, ते मी विसरले नाही. उरलेली तूरदाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी मामींनी गायीपुढे ठेवली, तेही विसरले नाही. म्हणून मी ठरवलं की तुमचं आमंत्रण या वेळी मीच देणार, माझ्या स्वतःच्या खात्यावर, म्हणजे सगळ्या नातेवाइकांना जरा लाज वाटेल. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी गेल्या वर्षीचा तुमचा फोटो शोधला, तो बघा, पटका बांधून आंबिलीचं मडकं धरून उभे आहात तो. त्यावर तुमच्याच भाषेत लिहिलं, "समद्यांनी येळवशीला शेतात या. लेकराबाळांसकट या. जो येणार न्हाई त्याच्याशी वरीसभर बोलणार न्हाई." खाली वाट लिहिली, हमरस्त्यावरून कुठे वळायचं ते, आणि चुकलात तर फोन करा म्हणून तुमचा नंबर. पाठवलं आणि डबा उघडला.

आता झालं काय की माझ्या एकाच फोनवर माझंही खातं आहे आणि विद्यापीठाचंही. शिवाय विद्यापीठासाठी मी एक साचा करून ठेवला आहे. फोटो त्यात घातला की वरती विद्यापीठाचं बोधचिन्ह उमटतं आणि खाली एक ओळ येते. तो साचा काढायचा राहिला आणि खातंही बदलायचं राहिलं. लगेच बैठक लागली, फोन बाहेर टेबलावर ठेवावा लागला, बैठक संध्याकाळपर्यंत चालली. तोवर साऱ्या जगाने वाचलं, "जो येणार न्हाई त्याच्याशी वरीसभर बोलणार न्हाई. कुलसचिवांच्या आदेशावरून."

मामा, आमच्याकडे आदेश म्हटला की कोणी मजकूर वाचत नाही, आधी पाळायला घेतात. इतिहास विभागाने "नोंद घेतली" असं उत्तर पाठवलं. मुलींच्या वसतिगृहात आमंत्रण छापून फलकावर लागलं, तुमच्या फोटोसकट. कर्मचारी संघटनेने विचारलं की त्या दिवशीची हजेरी शेतात घेणार का. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी लेखी खुलासा मागितला की वर्षभर नेमकं कोण बोलणार नाही, कुलसचिव की कुलगुरू, कारण दोघंही बोलणार नसतील तर त्यांना यायची गरज वाटत नाही. म्हैसूरकडच्या एका बाईंनी हा काय प्रकार आहे असं विचारलं, तर पोरांनीच त्यांना समजावलं, मराठीत, कानडीत आणि दख्खनीत, की अमावस्येला शेतात कडब्याची कोपी उभारतात, पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील शिंपडतात, आणि रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही हाक मारून जेवायला बसवतात. निकालाचं फक्त एकाने विचारलं, "मामा, निकाल शेतात लावणार काय?"

बाकीचं वाचताना मात्र मला हसू येईना. कधीकाळी इथून शिकून गेलेली माणसं लिहीत होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या एकीने लिहिलं की तिच्या पोरांनी कोपी पाहिलेलीच नाही. अफजलपूरच्या एकाने लिहिलं, आमच्या रानात आता सगळा ऊसच, ज्वारीचं ताट दिसत नाही, मामांकडे येऊ का? साऱ्यांनी तुम्हाला मामाच करून टाकलं आहे. विद्यापीठाच्या नावाने मी इतके दिवस बोलते आहे, पण त्याला "येतो" असं कोणी पहिल्यांदाच म्हणालं.

सोमवारी सकाळी पंचाक्षरी सरांनी बोलावलं. मी डबा, पाण्याची बाटली आणि टेबलावरचं तुळशीचं रोप पिशवीत भरूनच गेले. त्यांच्या समोर तुमचा फोटो होता.

"हा मानूस कोन?"

"माझे मामा, सर."

"आदेश माझा म्हणून लिहिलंय. मी कधी दिला?"

 तेच पुढे फोटोखाली लोकांनी लिहिलेलं वाचू लागले. मग चष्मा काढून म्हणाले, "आमचं शेत गेलं धरणात. आई होती तोवर अमावस्येला दुसऱ्याच्या रानात तरी न्यायची. आता कोन बोलावतंय?" मग एकदम साहेबी आवाजात विचारलं, "तुमच्या भज्जीत चिंच घालतात का?"

"घालतात, सर."

"मग पोस्ट काढू नको. आदेश दिला समज." मी दारात पोचले तेव्हा मागून म्हणाले, "तुझी फाइल अमावस्येनंतर बघू. आधी आंबील बघू."

तर मामा, एकंदरीत सगळं क्षेमकुशल आहे. तुळशीचं रोप परत टेबलावर ठेवलं आहे. गाईच्या कालवडीचं नाव ठेवायचं थांबवा, मी आल्यावर ठेवू. मामी, तुम्ही दगदग करू नका. (हे वाक्य ता. क. वाचल्यावर विसरून जा.)

तुमची लाडकी (अजूनपर्यंत तरी) भाची,
मंजुश्री

ता. क. अमावस्या शुक्रवारी आहे. कोपी उद्याच बांधायला घ्या, आणि या वेळी जरा ऐसपैस बांधा. पंचाक्षरी सर येणार, वसतिगृह येणार, इतिहास विभागाने नोंद घेतलीच आहे. किती लोक येतील ते मला विचारू नका, तुम्हाला बीपी नाही पण मामींना आहे. आंबिलीचं ताक शेजारच्या चार घरी सांगून ठेवा, तूर सोलायला मी गुरुवारी मुलींची एक तुकडी घेऊन येते. त्या हुशार आहेत, एकीने तर पीएच.डी. केली आहे, पण तूर सोलायला तिला शिकवावं लागेल.

ता. क. दुसरं. रविवारी ज्या गृहस्थांनी फोन करून "मी कुलगुरू बोलतोय" असं सांगितलं, आणि ज्यांना तुम्ही "आमच्या घरान्याला गुरू हाय, आनिक नको, कामून तरास देयलाव?" असं म्हणून फोन ठेवलात, ते आमच्या विद्यापीठाचे सर्वांत मोठे साहेब. त्यांना फक्त गाडी कुठे लावायची ते विचारायचं होतं. रागावलेले नाहीत, दिवसभर ज्याला त्याला हसत सांगत होते. तरी त्यांना भज्जी दोनदा वाढा.

ता. क. शेवटचं. (मामी, हे मोठ्याने वाचा. चुलीपाशी नको, मामांच्या समोर बसून वाचा.) बैठकीचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. शनिवारी बैठक नव्हतीच. पोस्ट चुकीच्या खात्यावर गेली हे पहिला घास घ्यायच्या आत माझ्या लक्षात आलं होतं, आणि ती काढून टाकायला बोटही लावलं होतं. तेवढ्यात खाली पहिली ओळ उमटली. पोस्ट काढली असती तर तीही पुसली गेली असती, म्हणून मी फोन पालथा ठेवला आणि नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. ओळ आपल्या माउलीची होती. त्याने लिहिलं होतं, "बाबा, रजा टाकलीय. आलो तर बोलताव का? का त्याला बी कुलसचिवांचा आदेश लागतो?"

बाकी सगळ्यांना मी विद्यापीठाच्या वतीने "आपले स्वागत आहे" असं उत्तर दिलं आहे. त्याची ओळ मात्र तशीच ठेवली आहे, मामा. तेवढा फोन चालू करा.