पाय गार पडला तरी

माय, काल अकोल्याला माझ्या पायाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं आणि त्यासाठी नळी घातली ती उजव्या मनगटातून. तू असतीस तर म्हणाली असतीस, आजार म्हशीले अन् इंजेक्शन पखालीले. मी तसं म्हणालोही, डॉक्टर हसले. मनगट तेवढं बधिर केलं होतं, बाकी मी टक्क जागा. नळी हातातून छातीपाशी आणि तिथून खाली पोटात गेली म्हणे. औषध सोडलं की पायात ऊन ऊन लागायचं. पडद्यावर माझा डावा पाय दिसत होता, गुडघ्याखाली एक वाहिनी मध्येच संपलेली. मी नुसता बघत पडलो होतो. नंतर मनगटाला हवेचा पट्टा बांधला आणि मी उठून बसून चहा प्यालो. तुझ्या वेळी नळी जांघेतून घातली होती. वर वाळूची पिशवी ठेवून तुला दिवसभर सरळ निजवलं होतं. कूस बदलू दे म्हणून तू माझा हात धरत होतीस आणि मी नाही म्हणत होतो.

निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. पाय गार पडला तरी शेकायचा नाही. रक्त कमी पोचतं, त्यात साखर, चटका कळत नाही. भाजतं आणि ती जखम भरत नाही. बायको मान डोलावत होती. मी खाली बघत होतो.

मालेगावच्या घरातली ती संध्याकाळ. मी नुकताच मास्तर झालेलो, जगातलं सगळं मलाच कळतं अशा थाटात. तू चुलीपाशी बसली आहेस, पाय रांजणासारखा गार. मी वीट तापवतो, फडक्यात गुंडाळून तुझ्या टाचेला लावतो, चटका बसतो का विचारतो. तू म्हणतेस, "मले काईच नाई लागून राह्यलं. अजून गरम कर." मी अजून गरम करतो. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवतेस.

पुढे टाच काळी पडली, मग पाय गेला. येईल त्याला तू सांगायचीस, चप्पल लागली. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या आधी पोचणारी तू, दारातल्या बाजेवर बसून बायकांना जाताना बघायचीस. मला ते बघवत नसे. मी मागच्या दाराने बाहेर पडायचो.

आता माझा पाय गार आहे आणि बायको विचारते, शेकायचा नाही तर करायचं तरी काय. मी पाय जवळ ओढून घेतो. तिला वाटतं, मी माझ्या पायाला भ्यालो आहे.

तुला वाटेल, डॉक्टर बोलले तेव्हा मला कळलं. तसं नाही, माय. त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी तू झोपेत होतीस, पायावरची गोधडी सरकली होती. टाचेवर पाणी भरलेला मोठा फोड होता. मी गोधडी ओढून तो झाकला आणि शाळेत निघून गेलो.