न खाजवणारं बाळ

आत्या, तुला जाऊन सात वर्षं झाली आणि मी हावड्याच्या फलाटावर बसून तुला लिहितोय. गाडी कुठली ते विचारू नकोस, माझं अजून ठरलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं बाळ. पाच महिन्यांचं, गुटगुटीत, दुधाला कधी नाही न म्हणणारं. पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी मराठी बाई आसपास तू एकटीच, म्हणून आपल्या लोकांची सगळी बाळं तुझ्याच नडग्यांवर वाढलेली. याच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी इसब समजून मलम लिहून दिलं आणि तू ते तेलासारखं चोळायला लागलीस. आठवड्यात लाली गेली. "बघ, हाताला गुण आहे," म्हणालीस. ट्यूब संपली की मी त्याच चिठ्ठीवर एस्प्लनेडच्या औषधाच्या दुकानातून दुसरी आणायचो.

मग तळव्यांवर, डोक्यावर, बोटांच्या बेचक्यांत राखाडी खपल्या चढल्या, वाळल्या कणकेसारख्या. आणि ते खाजवेना. रडेना. त्याची आई, तू, मी, सगळे कराकरा खाजवतोय आणि मधोमध ते शांत पडून आमच्याकडे बघत हसतंय. उचललं की दुपट्यावर त्याच्या आकाराची भुकटी उरते. त्याची आई हळूच म्हणाली, "काकू, मला याला घ्यायची भीती वाटते."

"पोटच्या पोराची?" तू म्हणालीस, पण तुझाही आवाज खाली गेला होता.

नव्या डॉक्टरांनी खपली खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही बघायला बोलावलं. आत काहीतरी चालत होतं. सावकाश, आपल्याच घरात असल्यासारखं. "खुजली है, और कुछ नहीं. बच्चा तंदुरुस्त है," ते म्हणाले. म्हणजे आपली खरूज. "पर इतने महीने यह मलहम किसने लगाया? इसी से खुजलाहट दबी रही और कीड़े पले हैं."

तू पदर सावरलास. "मैंने."

सगळ्यांनी एकाच दिवशी गंधकाचं मलम फासलं, कपडे उकळले, बाळ महिनाभरात लख्ख झालं. तुला मात्र पुन्हा कुणी बाळ दिलं नाही. "काकू, दमता हो तुम्ही, राहू दे," असं गोड बोलून बायका टाळायच्या. मग एका सकाळी न्हाणीघराचं दार उघडं दिसलं. तू पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, तांब्यातून कोमट पाणी नडग्यांवर ओततेस आणि डावा हात कुणाच्या तरी कपाळावर आडवा धरावा तसा हवेत धरलेला. मला पाहूनही थांबली नाहीस. "डोळ्यांत जातं रे," एवढंच म्हणालीस. मी चप्पल घालून बाहेर पडलो, दोन दिवस नदीकाठीच हिंडलो. त्यानंतर तू वर्षभरच होतीस.

पहिल्याच दिवशी दुकानातल्या म्हाताऱ्यानं मला बजावलं होतं, "दस दिन, उसके बाद बंद." वाटेत मैदानात कुस्त्या चालल्या होत्या, मी बघत उभा राहिलो आणि तुला सांगायचं विसरलो. इतकं तर कुणालाही सांगून टाकलं असतं. पण तिसरी ट्यूब घेताना मला ते आठवलं होतं, आत्या. तू इतकी खुशीत होतीस.