भिंतीजवळची जागा

तीर्थस्वरूप दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली तो खरोखर घालता येतो, उठताना मात्र कुणाचा तरी हात लागतो.) तुझी कंबर काय म्हणते? वहिनीला हे पत्र वाचून दाखव, पण शेवट गाळू नकोस.

तुझ्या हुकमाप्रमाणे तुझ्या लेकीला समजवायला तिच्या योगवर्गात गेलो. पक्की नोकरी सोडून लोकांचे हातपाय हलवत बसलीस, बापाने वर्षभर अबोला धरलाय, शोभतं का हे, असं सगळं घोकून गेलो होतो. ती म्हणाली, "काका, आधी आडवे पडा, मग बोलू." पडलो. डोळे उघडले तेव्हा माझ्या चारी बाजूंना अनोळखी बायका एका पायावर उभ्या. मी घोरत असताना पहिला वर्ग सुटून दुसरा भरला होता. झोप लागलेल्याला उठवायचं नाही, असा तिचा नियम आहे. (माझ्या घोरण्याच्या तालावर त्यांनी श्वास जुळवून घेतला म्हणे.) एवढा मान मला घरातही मिळत नाही.

मग रोजच जाऊ लागलो, अर्थात समजवायला. दादा, मी थक्क झालोय. तिने मला आठवडाभर नुसतं उभं राहायला शिकवलं. तेवढं तरी आपल्याला येतं, असा माझा समज होता. ऑफिसात एकदा तिची पाठ अशी धरली की खुर्चीतून उठता येईना (तुला कळवलं नाही तिनं). तेव्हा ती स्वतःच नव्याने उभं राहायला शिकली, म्हणून कुणाला घाई करत नाही. परवा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने कित्येक महिन्यांनी मान वळवून मागे पाहिलं आणि त्याला रडूच फुटलं. ती त्याच्या शेजारी बसून राहिली. घरात मिनिटभर एका जागी न टिकणारी आपली पोर ती.

समजवायचं तेवढं राहून गेलं, सांभाळून घे.

तुझा (आणि आता तिचाही) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. हे सगळं कुणाकडून शिकलीस, असं तिला विचारलं. मला वाटलं, एखाद्या बड्या गुरूचं नाव घेईल. तर म्हणाली, बाबा कामावरून दमून आले की भिंतीला पाय टेकवून जमिनीवर पडायचे, मी शेजारी पडून त्यांचा श्वास बघायचे, सुरुवात तिथली.

आणखी एक. भिंतीजवळची एक जागा ती रोज मोकळी ठेवते. काल मी तिथे चटई टाकून डोळे मिटले, तर झोपलेल्याला न उठवणाऱ्या तुझ्या लेकीने मला हलवून उठवलं. जागा कुणाची, ते मी विचारलं नाही. कंबर धरत का होईना, ये.