डाव्या डोळ्यापुरता खुलासा

तीर्थस्वरूप दाजी यांना साष्टांग नमस्कार. (साष्टांगात डोळेही मोजतात म्हणे. माझे सध्या औषधात आहेत, तेव्हा सातच अंगांचा गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा कसा आहे? ताईला फोनवर विचारलं, तर "त्यांनाच विचार" म्हणून तिने फोन ठेवला. आठ दिवस आपल्या घरातून माझ्याशी कोणी धड बोललेलं नाही, रविवारचं जेवणही बंद झालं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण सामन्याच्या कमिटीच्या चिटणिसांकरवी मागितलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे. तत्पूर्वी माझी बाजू. मला डोळ्यांची अ‍ॅलर्जी आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगून दोन महिने झाले. गवत, धूळ, फुलांचे पराग, सगळ्यांशी माझ्या डोळ्यांचं वाकडं. लेन्स घालायच्याच तर रोज नवी जोडी, आधी थेंब, मग पंधरा मिनिटं स्वस्थ बसणं, मग लेन्स, आणि डोळा चोळायचा नाही म्हणजे नाही. गवत कापतात त्या दिवशी सरळ चष्मा, असं त्यांनी बजावलं होतं. मी सगळं पाळत होतो. (थेंबांनंतरची पंधरा मिनिटं मी डोळे मिटून बसतो. आवक-जावकच्या टेबलावर मी एकटाच, त्यामुळे साहेबांना ती झोप वाटते. त्याचा खुलासा वेगळा दिला आहे.)

ऑफिस विरुद्ध गोदाम या सामन्याला मी अंपायर झालो तो काही हौसेने नाही. आवक-जावकला ना ऑफिसात धरतात ना गोदामात, म्हणून मी निःपक्षपाती, असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं. आपण ऑफिसच्या संघात आणि मी आपला मेहुणा, ही हरकत तेव्हा आपण घेतली नाहीत, उलट खूशच दिसलात. त्या सकाळी आपल्याला घ्यायला चष्मा लावून आलो, तर आपणच दारात अडवलंत. "असल्या जाड भिंगांचा अंपायर बघून लोक मला हसतील," म्हणालात, आणि माझा चष्मा काढून आपल्या फ्रिजवर ठेवलात. मी मुकाट्याने खिशातली लेन्सची जोडी चढवली. थेंब नाहीत, पंधरा मिनिटं नाहीत. मैदानावर पोचलो तर माळीबुवा नुकतंच गवत कापून कमरेवर हात ठेवून उभे.

पहिल्या षटकापासून डोळ्यांना धार लागली. गोदामवाल्यांनी आळीपाळीने रुमाल पुरवले. तिकडे आपण आयुष्यातल्या पहिल्या अर्धशतकाकडे निघाला होतात (बावन्नाव्या वर्षी), ताई बाकावर बसून धावा मोजत होती, आणि खरं सांगतो, मला फार अभिमान वाटत होता. आपण एकोणपन्नासवर असताना माझी डावी लेन्स सरकून पापणीखाली गेली. नेमका तेव्हाच चेंडू आपल्या पॅडवर आदळला, गोदाम एका सुरात ओरडलं, आणि मी बोट वर केलं. पायचीत. नंतर आपण जे बोललात ते मी ऐकून घेतलं. ताईने आपल्याला हाताला धरून नेलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मात्र लागलं.

असो. त्या क्षणी माझ्या डाव्या डोळ्याला काहीही दिसत नव्हतं, असं मी कमिटीला लेखी कळवतो आहे. चिठ्ठी वाचून फेरसामना मिळेल, असं चिटणीस म्हणतात. राग सोडावा, आणि ताईलाही सोडायला सांगावं.

आपला,
बाहेरच जेवणारा मेहुणा

ता. क. चिठ्ठीत एक अक्षर खोटं नाही. उजव्या डोळ्याबद्दल कमिटीने विचारलेलं नाही. तो नुकताच रुमालाने टिपलेला, स्वच्छ होता. चेंडू मधल्या यष्टीवर जात होता, दाजी.

आणखी एक ता. क. फेरसामन्याला गोदामवाल्यांची एकच अट आहे, अंपायर मीच. गवत त्याही सकाळी कापणार आहेत. तेव्हा फ्रिजवरचा चष्मा ताईच्या हाती पाठवावा. आपली पन्नासावी धाव, झाली तर, मला दोन्ही डोळ्यांनी बघायची आहे.