अकरा मिनिटांचं मत

प्रिय करुणा,

पहिल्या पानावर मी इकडचं तिकडचंच लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पत्र फाडायचं असेल तर निदान शेवटचं पान वाचून फाड. फोन केला असता, पण फोनवर मी विनोद करतो, आणि माझा एक विनोद तुला किती महागात पडला ते आता मला कळलंय. कागदावर आपल्या विनोदाला हसायला समोर कुणी नसतं, म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. आज रविवार. दुकान बंद आहे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच आमचा रविवारचा भाग निघालेला नाही.

बाकी रत्नागिरीत सगळं ठीक. हर्षद आणि मी अजून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, झेरॉक्स काढतो, आधारवरच्या फोटोत माणूस चोरासारखा का दिसतो ते समजावतो. रविवारी दुकानामागे हर्षदच्या काकांच्या आंब्याच्या आढीच्या खोलीत बसून ‘घटकाभर खेळ’ हा आमचा पॉडकास्ट रेकॉर्ड करतो. खोलीत बारमाही पेंढा पसरलेला असतो, त्यामुळे आवाज घुमत नाही. तुला आठवत असेल, पहिला भाग छत्तीस जणांनी ऐकला होता. त्यात तू एक आणि आमचे बाबा एक. आपण काही तज्ज्ञ नाही, कामावरून आल्यावर तासभर मोबाइलवर खेळणारी माणसं आहोत, तेव्हा आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल तेवढंच बोलायचं, असं आम्ही ठरवलं होतं. कुठला गेम जुन्या फोनवर चालतो, कुठला फोनचा तवा करतो, कुठल्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी जाहिरात कडमडते, आणि मोठ्या कंपन्यांच्या चार बातम्या. तू तेव्हा कळवलं होतंस की, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून ऐकायला बरं वाटतं. हे वाक्य मी सगळ्यांना दाखवत फिरलो होतो.

मग आम्ही ‘आठवड्याची सुकट’ सुरू केली. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात भिकार गेम घ्यायचा आणि उन्हात वाळत घालायचा. पहिल्याच सुकटीला ऐकणारे दुप्पट झाले. खरी माहिती दिली की दोन अंगठे, आणि कुणाची लाज काढली की दोनशे हसरे चेहरे. हळूहळू अर्धा भाग सुकटीतच जायला लागला. मी शनिवारी भाजीला निघाल्यासारखा गेम शोधायला बसायचो आणि सडका दिसला की खूश व्हायचो. हर्षद एकदा म्हणाला होता, अरे चांगल्याबद्दल पण बोलूया कधीतरी. मी त्याला वेड्यात काढलं.

पौषात तुझी मेल आली. दापोलीच्या ऑफिसातून घरी आल्यावर तीन वर्षं खपून तू एकटीने एक छोटा गेम केलास, नाव ‘पलीकडे’, स्टोअरवर लावलास, आणि पहिल्यांदा मला कळवलंस. नाव सांगू नकोस, घाई करू नकोस, पूर्ण खेळ, असं लिहिलं होतंस. अजून एक ओळ होती, तिच्याकडे मी शेवटी येतो. त्या रविवारी दुपारी बारा वाजता, रेकॉर्डिंगला दोन तास असताना, मी तो उघडला. एक खाडी, एक धक्का, चिखलात रुतलेली एक होडी, आणि धक्क्यावर डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा. मी वल्हवायचं बटण दाबलं, होडी हलली नाही. वीसदा दाबलं. म्हातारा म्हणाला, तिथी कोणती? पाऊणपट कर. परत दाबलं, तर म्हणाला, चिखलात वल्हं मारून हात दुखतील. मी अकरा मिनिटं खेळलो, करुणा. घड्याळात बघून सांगतोय, कारण मधे मी चहाही प्यायलो होतो.

आणि दोन वाजता माइकसमोर बसून मी म्हणालो की, मित्रांनो, हा गेम मी पाच तास खेळलो. पाच तास! होडी हलत नाही, म्हणजे गेम बिघडलेला आहे आणि बनवणाऱ्याला ते कळलेलंही नाही. होडीचं नाक मोडलंय, बहुतेक पहिलीतल्या पोराकडून काढून घेतलीय. आणि हा म्हातारा कोण, पंचांग विकतो की काय? त्याचा आवाज काढून मी ‘पाऊणपट कर, पाऊणपट कर’ असं बडबडलो. हर्षद हसून हसून पेंढ्यात लोळला. तेवढाच तुकडा कापून कुणीतरी पसरवला आणि चाळीस हजार लोकांनी ऐकला. ज्यांनी कधी खाडी पाहिली नाही त्यांनीसुद्धा खाली लिहिलं, फालतू. तीन दिवसांनी गेम स्टोअरवरून नाहीसा झाला. तुझा फक्त एक शब्द आला, “ऐकलं.”

तुला वाटत असेल, मला तेव्हाच लाज वाटली असेल. नाही वाटली. मी स्वतःला सांगितलं, एवढी नाजूक कातडी असेल तर बाजारात यावं कशाला. पुढच्याच आठवड्यात, सगळं जग ज्या मोठ्या गेमसाठी ताटकळलंय त्याची तारीख पुन्हा पुढे गेल्याची बातमी मी वाचून दाखवली, आणि वर म्हणालो, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो, आपण थांबू. हे मीच म्हणालो. वर्षानुवर्षं त्या परक्या गेमसाठी थांबायला तयार असलेला मी तुझ्या होडीसाठी तीन तास थांबलो नव्हतो.

घाई होती हेही अर्धंच खरं आहे. तुझ्या मेलमध्ये “तीन वर्षं” हे शब्द वाचले तेव्हाच माझं तोंड कडू झालं होतं. नववीत आपण आलेखाच्या वहीत होडीचा गेम आखला होता, आठवतं? तुझे वडील, आमचे मास्तर, रोज माझ्या बाबांच्या होडीतून पलीकडच्या शाळेत जायचे. शनिवारी आपण दोघं त्यांच्याबरोबर जायचो आणि परतीला त्या वहीत चौकोन रंगवायचो. मोठे झालो की हा गेम आपण करायचा, अशी शपथ खाल्ली होती. मी मोठा झालो आणि दुसऱ्यांच्या गेमना नावं ठेवायला लागलो. तू ऑफिसातल्या फायली आवरून गेम करून मोकळी झालीस. मला तो वाईटच निघायला हवा होता. अकरा मिनिटांत तो वाईट निघाला, म्हणून बारावं मिनिट मी बघितलंच नाही. हर्षदलाही मी तेव्हा सांगितलं नाही की तो गेम तुझा होता आणि मला ते माहीत होतं.

शिमग्याला दाभोळला गेलो. बाबा आता होडी घालत नाहीत, गुडघे गेले. पण आमचा भाग चुकवत नाहीत. रविवारी संध्याकाळी खिडकीत जिथे रेंज येते तिथे फोन ठेवून कान लावून बसतात, आणि आई भांडी वाजवायला लागली की तिच्यावर ओरडतात. निम्मं त्यांना कळत नाही, पण पोरगा बोलतोय याचं त्यांना कोण कौतुक! दोन महिने त्या भागाबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते. रंगपंचमीला सकाळी अंगणात दाढी करता करता त्यांनी सहज विचारलं, त्या होडीच्या खेळातला म्हातारा काय सांगत होता रं? मी हसत हसत सांगितलं, काही नाही हो, तिथीची पाऊणपट कर म्हणायचा. बाबांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, बरोबर सांगत व्हता की. अष्टमी असंल तर आठ पाऊणे सहा, सहाला भरती. मंग थांबलास का नाय तू?

करुणा, मी दाभोळचा. खाडीवर वाढलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. घरात जाऊन कालनिर्णय उलटून पाहिलं. मी गेम उघडला त्या रविवारी अष्टमीच होती. बारा वाजता ऐन ओहोटी. खऱ्या खाडीतसुद्धा त्या वेळी होड्या चिखलातच बसल्या असतील. तुझा गेम बिघडलेला नव्हता, तो खाडीच्या घड्याळावर चालत होता. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते कळलं नसतं तर समजण्यासारखं आहे. मला कळलं नाही, आणि ते मी चार लोकांत ओरडून सांगितलं.

फोनमधून तो गेम मी काढला नव्हता, तेवढं एक बरं. त्या दिवशी पंचमी होती, पाच पाऊणे पावणेचार. जेवून बाबांना धरून धरून धक्क्यावर नेलं आणि आम्ही दोघं फोन मांडीवर घेऊन बसलो. करायला काहीच नव्हतं, म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं. होडीचं नाक मोडलेलं होतं, कारण ती मीच काढलेली होती. आलेखाच्या वहीतली, चौकोनाबाहेर गेलेली माझी होडी तू जशीच्या तशी उचलली होतीस. दीडच्या सुमारास खाडीत चढतं पाणी होडीपाशी पोचलं आणि फोनमध्येही. पुढ्यातली शेजारच्या बाळ्याची होडी आणि मांडीवरची ती होडी, दोन्ही एकदमच डुलल्या. बाबांनी बोट लावलं आणि होडी निघाली. वल्ह्यावर तोच पंचावाला म्हातारा, समोर एक मास्तर, हातात छत्री, आणि दोन पोरं वहीत डोकं घालून बसलेली. पलीकडे पोचेपर्यंत बाबांनी फोन माझ्या हातात दिला नाही. मी रडलो. विनोद सुचला नाही, करुणा, खरंच सुचला नाही.

परत आल्यावर एक भाग रेकॉर्ड करून ठेवलाय. अकरा मिनिटांचा आहे, मुद्दाम तेवढाच. त्यात मी सांगितलंय की मी खोटं बोललो, किती मिनिटं खेळलो, का खोटं बोललो, आणि या आठवड्याची सुकट मी स्वतः आहे. हर्षदने ऐकला. तो म्हणाला, ऐकणारे गेले तर गेले. पण करुणा, तुझं नाव घ्यायचं की नाही, आणि हा भाग बाहेर काढायचा तरी की नाही, हे तू ठरवायचंस. आधी न विचारता बोललो, आता विचारल्याशिवाय बोलणार नाही.

पण पत्र लिहिलं ते या भागासाठी नाही. माफीसाठीही नाही, ती मागायला मला तोंड नाही. तुझ्या मेलमधली जी ओळ मी वर गाळली, ती अशी होती: “आधी महिपतकाकांना दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव, तुझं मत मागाहून दिलंस तरी चालेल.” माझं मत तू मागितलंच नव्हतंस. बाबांचं मागितलं होतंस, आणि ते मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. आज पोचवतोय. धक्क्यावरून परत येताना, माझ्या खांद्यावर हात ठेवून, ते जे बोलले ते शब्द न बदलता लिहितो. म्हणाले, “मास्तरांच्या पोरीला सांग, पाणी येळेवर भरलाय, येका मिनटाचा फरक नाय. फक्त म्हातारा उजव्या हातानं वल्हवतोय. मी डावरा हाय, विसरली काय ती? तेवढा हात बदलून परत लाव म्हणावं.” त्यांनी स्वतःला ओळखलं होतं, करुणा. माझा तो भाग खिडकीत बसून ऐकला, त्याच संध्याकाळी ओळखलं होतं.

तू म्हणशील तेव्हापर्यंत थांबणारा,
तुझाच बाकावरचा सोबती,
केतन